कलेजी कळते, लिव्हर कुठंय ते माहीत नाही

मा. संपादक,
स.न.

मी लालबागला राहतो, तुमचा पेपर गेली कित्येक वर्षं घेतोय पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय, त्यामुळे लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त शेवटची मागणी तेवढी कापू नका.

मी ३१ वर्षं एक्स-रे डिपार्टमेंटला काढली. "छाती प्लेटला चिकटवा, हनुवटी वर, खांदे पुढे, मोठा श्वास घ्या, रोखा... सोडा." हे इतक्या वेळा बोललोय की बायको म्हणते तुम्ही झोपेत पण बोलता. तर ह्या ३१ वर्षांत एक गोष्ट रोज बघितली. पेशंटला विचारा कुठं दुखतंय, तो तळहात पसरतो आणि छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत गोल गोल फिरवतो आणि म्हणतो इकडेच, पोटात, कसंतरी होतंय. आता ह्या कसंतरीमध्ये लिव्हर आलं, जठर आलं, पित्ताशय आलं, सहा मीटर लहान आतडं आलं, मोठं आतडं आलं, पाठीमागे किडन्या आल्या, डॉक्टरने त्यातून काय समजायचं?

आणि गंमत अशी की हाच माणूस रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभा असतो तेव्हा ऐका. "चाप नको, दोन नळ्या टाक, पाव किलो कलेजी, गुर्दा आहे का, तिल्ली असेल तर बघ." बोकडाची अख्खी अ‍ॅनाटॉमी तोंडपाठ! गुर्दा म्हणजे किडनी, तिल्ली म्हणजे प्लीहा, सगळं त्याला माहितीय, फक्त बोकडातलं. त्याच्या स्वतःच्या अंगात काळीज कुठंय विचारलं की हात छातीवर डावीकडे जातो, कारण आपल्या बोलण्यात काळीज म्हणजे हृदय, काळजाचा ठोका चुकतो, काळजात धस्स होतं, आणि मटणवाल्याकडे तेच काळीज म्हणजे लिव्हर. लिव्हर असतं उजवीकडे, खालच्या बरगड्यांच्या आड, दीड किलोच्या आसपास वजन. एवढं मोठं धूड की छातीच्या एक्स-रेत उजवीकडचा पडदा डावीकडच्यापेक्षा जरा वर दिसतो. पडदा म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू, डायफ्राम, श्वास आत घेतला की तो खाली सरकतो आणि फुफ्फुसं फुगतात. म्हणून तर मी मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या म्हणून ओरडायचो, लोकांना वाटायचं हा माणूस खडूस आहे, पण अर्ध्या श्वासात फिल्म काढली की फुफ्फुसांचा तळ झाकला जातो आणि हृदय उगाचच मोठं दिसतं, मग पुन्हा काढा.

तुम्ही म्हणाल शाळेत शिकवतात की. शिकवतात ना. माझी नात सातवीत आहे, पचनसंस्थेची आकृती अशी काढते की पाठ्यपुस्तकात छापावी, बाण एकदम सरळ, नावं एकाखाली एक. मी विचारलं बाळा स्वादुपिंड कुठं असतं गं, तर म्हणाली आजोबा, पचनसंस्थेच्या धड्यात. मी हसलो खरा पण नंतर वाटलं, हिची आजी रोज संध्याकाळी हिच्यासमोर पोटाला इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून घेते, आणि जे इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं ते शरीरात बनवणारा अवयव म्हणजे हेच स्वादुपिंड, जठराच्या मागे आडवं पडलेलं, वीतभर पण नाही, हे दोन्ही हिच्या डोक्यात जोडलंच गेलं नाहीये. पुस्तकात यकृत, जठर, स्वादुपिंड, मूत्रपिंड. डॉक्टरच्या तोंडी लिव्हर, स्टमक, पॅनक्रियाज, किडनी. आणि घरात काय तर पोट, छाती, कंबर. तीन भाषा झाल्या आणि तिघींची एकमेकींशी ओळख नाही, माझ्या मते सगळी गडबड इथंच आहे.

पित्ताचंच घ्या. आंबट ढेकर आली की आपण म्हणतो पित्त झालं. (आयुर्वेदातलं पित्त वेगळं, त्या वादात मी पडत नाही.) पण डॉक्टर ज्याला बाइल म्हणतो ते पित्त लिव्हर बनवतं, हिरवट पिवळं, कडूजहर, लिव्हरच्या खाली छोटीशी पिशवी असते त्या पित्ताशयात ते साठतं आणि चरबीचं खाल्लं की आतड्यात उतरतं. आंबट जे वर येतं ते जठरातलं अ‍ॅसिड. आमच्या शेजारच्या खोलीत सोनोग्राफी चालायची, तिथून रिपोर्ट घेऊन लोक बाहेर यायचे, पित्ताशयात खडे, आणि मला विचारायचे "अहो मी तर पित्ताची गोळी रोज घेतो, मग खडे कसे झाले?" काय सांगणार, गोळी जठराची, खडे पिशवीतले, नाव मात्र दोघांचं पित्त.

किडनीची तीच कथा. कंबरेत बेल्टच्या जागी हात ठेवतात आणि म्हणतात किडनी दुखतेय. किडन्या त्याच्या वर असतात हो, पाठीत, मणक्याच्या दोन बाजूंना, शेवटच्या बरगड्यांपाशी, आणि उजवी थोडी खाली कारण तिच्या डोक्यावर लिव्हर बसलंय. ह्या दोघी मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात, बाहेर जाते ती दीड-दोन लिटर लघवी. आमच्या चाळीत प्रत्येकाच्या दाराबाहेर निळा ड्रम आहे २०० लिटरचा, तो भरायला नळाखाली किती वेळ जातो ते ज्याला माहितीय त्याने विचार करावा. नस हा शब्द तर विचारूच नका. रक्ताची पण नस, संवेदनेची पण नस, स्नायूत गोळा आला तरी नस चढली.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. चार वर्षांपूर्वी गणपतीत, ऋषीपंचमीला, आम्ही सगळे दादाकडे होतो, दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुपारी जेवण झालं, जरा जास्तच झालं, आणि तासाभराने दादा म्हणाला इथं जड वाटतंय, छातीच्या खाली, पोटाच्या वर. वहिनींनी ओवा-सैंधव दिलं. मग म्हणाला दाढ पण ठणकतेय. आम्ही म्हटलं दाढेचं उद्या बघू. सोडा आणला, तो प्यायला, मी पाठीवर थापटत होतो, आणि ढेकर आल्यावर मी स्वतः, हा ३१ वर्षं छातीचे फोटो काढलेला माणूस, म्हणालो, बघ, गॅसच होता. त्याचं बनियन घामाने अंगाला चिकटलं होतं आणि पंखा त्याच्या डोक्यावर फुल स्पीडला फिरत होता, ते मला दिसत होतं, तरी मी गॅस म्हणालो. उलटी झाली तेव्हा आम्ही उठलो. बाहेर गणपतीची गर्दी, रस्ते बंद, टॅक्सी मिळेना, हॉस्पिटलला एरवी १५ मिनिटांत चालत पोचतो तिथं तासभर लागला. ३ तास आम्ही गॅस गॅस खेळत होतो. तो हार्ट अटॅक होता. दादा वाचला, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला, पण हृदयाचा एक भाग मेला तो मेलाच, आता दोन जिने चढला की बसतो.

एक्स-रेत गॅस मला रोज दिसायचा, डावीकडच्या पडद्याच्या बरोबर खाली काळा फुगा असतो, तो जठरातला गॅस, आणि त्या पडद्याच्या वर, अगदी टेकून, हृदयाची पांढरी सावली. मध्ये फक्त तो पडदा. म्हणूनच हृदयाच्या खालच्या भागाला रक्त मिळेनासं झालं की माणसाला पोटाच्या वर दुखतंय, मळमळतंय असं वाटू शकतं. आणि हार्ट अटॅकमध्ये हात का दुखतो, तर हृदयाच्या नसा (ह्या संवेदनेच्या बरं का) आणि हाताच्या आतल्या बाजूच्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात, मेंदूला कळत नाही बातमी नक्की कुठून आली, तो हाताचं नाव लावून मोकळा होतो, दाढेचं आणि जबड्याचं पण असंच काहीतरी. बायकांमध्ये तर कधी कधी नुसता दम लागतो, थकवा येतो, पाठ भरून येते. डायबेटिसवाल्यांना काही वेळा दुखतच नाही. हे सगळं मी नंतर आमच्या डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, आणि खरं सांगतो लाज वाटली, कारण पडद्याखालचा फुगा आणि वरची सावली मी हजारो वेळा बघितली होती, दादाच्या बनियनखाली पण तेच असेल हे डोक्यात आलंच नाही.

म्हणून मागणी. तुमची आरोग्य पुरवणी दर आठवड्याला येते, त्यात अमुक बिया खा, तमुक काढा प्या, केस गळतीवर उपाय, सगळं असतं, वाचतो आम्ही. पण माणसाच्या शरीराचं एक साधं मोठं चित्र त्यात आलेलं मला तरी आठवत नाही. ते एकदा छापा. एका बाजूला पुढून, दुसऱ्या बाजूला पाठीमागून, कारण किडन्या पुढून कुणाला समजत नाहीत. नावं तिन्ही भाषांत द्या, यकृत, लिव्हर, काळीज, एकाच बाणाला तिन्ही. चित्रावर पेशंटचं उजवं-डावं नीट लिहा, कारण फिल्म हातात घेतली की त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते आणि लोक मला घाबरून विचारायचे माझं हृदय उजवीकडे आहे का म्हणून. अपेंडिक्स दाखवा, आणि तिथं लिहा की दुखायला बहुतेक वेळा बेंबीपाशी सुरू होतं आणि मग उजवीकडे खाली सरकतं. आणि छातीपाशी १०८ नंबर टाका, अ‍ॅम्ब्युलन्सचा, मोठ्या अक्षरात.

साइज पूर्ण पान ठेवा, म्हणजे स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी लावता येईल. आणि त्या पानाच्या पाठीमागे शब्दकोडं छापू नका प्लीज, आमच्याकडे ते सकाळी सातलाच कापलं जातं.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई