सातबारा नसलेले सहा गुंठे

आदरणीय नाना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. शाल-श्रीफळाचं नाव काढलं तर म्हणालात, "ताई, मी मोजायला आलो होतो, लग्नाला नाही." म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण बिननंबरी पट्ट्यावरून भांडत बसलेली घरं गावोगाव आहेत. त्यातल्या एखाद्याने तरी हे वाचून पेटीतली जुनी खतं बाहेर काढावीत.

पट्टा तुम्ही पाहिलाय, बाकीच्यांसाठी सांगते. आमचा गट आणि आबांचा गट यांच्या मधे, ओढ्यापासून वरच्या माळापर्यंत गेलेली चिंचोळी जागा. घाणेरी, वेड्या बाभळी आणि मधोमध एक लिंब. दादा एखाद्या वर्षी आमच्या बाजूने दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत नांगरायचे, पुढच्या वर्षी आबा त्यांच्या बाजूने. पट्टा असा इकडेतिकडे सरकत राहायचा. दोन्ही घरांचं बोलणं बंद होऊन दहा वर्षं झाली होती. लग्नाच्या पत्रिका मात्र जायच्या, पोस्टाने.

दादा गेले, वारसनोंद झाली आणि मी ठरवलं, आता हे एकदाचं निकालात काढायचं. वाटलं होतं, फोनवरच होईल. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर गट नंबर टाकला की सातबारा येतो. पण या जागेला नंबरच नाही, तर टाकणार काय? नकाशा उघडला तर दोन गटांच्या रेषांमधे नुसती पांढरी फट. चावडीवर उत्तर मिळालं, "नंबर आणा, उतारा देतो." एका वकिलांनी सांगितलं, बारा वर्षांची वहिवाट दाखवा, नाव लावून घेऊ. नंतर कळलं, आबांना त्यांच्या वकिलांनीही हेच सांगितलं होतं.

तुम्ही आलात ते ओट्यावर टेकलात आणि म्हणालात, "जागा कुणाची ते मागाहून बघू. आधी तुमची किती आहे ते सांगा." चाळीस वर्षं भूमापनात काढलेल्या माणसाचा प्रश्न. आमच्यापैकी कुणाला तो सुचला नव्हता. सातबाऱ्यावरचं क्षेत्र तुम्ही आकारबंदाशी, म्हणजे क्षेत्र आणि आकारणीच्या सरकारी नोंदवहीशी, ताडून पाहिलंत आणि मग फीत घेऊन बांधाबांधाने फिरलात. आमचं क्षेत्र पट्टा न धरताच पुरं भरलं. दुसऱ्या दिवशी, मला न विचारता, आबांच्या शेतात गेलात. त्यांचंही भरलं. तुम्ही त्यांच्याकडे गेलात याचा तेव्हा मला राग आला होता. आज सांगून टाकते.

गटाच्या नकाशावर तुमचा भरवसा नव्हता. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट आले, तेव्हा कागदावर पुष्कळ काही इकडचं तिकडे झालं, असं तुमचं मत. म्हणून मागच्या सर्व्हे नंबरांच्या टिपणांच्या, म्हणजे जुन्या मोजणीच्या वेळी काढलेल्या कच्च्या आकृत्यांच्या, नकला काढायला लावल्यात. ते टिपण पाहून मी हिरमुसले होते. हाताने काढलेली वेडीवाकडी आकृती, प्रमाण नाही, कडेने बारीक आकडे. तुम्ही मात्र पंचांग वाचावं तसं ते वाचलंत. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. इंग्रजांनी १८३६ साली इंदापुरात जमीन मोजून धारा, म्हणजे शेतसारा, बसवला तिथपासूनची गोष्ट सांगितलीत आणि बोट दोन नंबरांच्या मधल्या फटीवर ठेवलंत. रुंदी आठ आणे, म्हणजे साडेसोळा फूट. लांबी बारा साखळ्या. "बारा अर्धे सहा. सहा गुंठ्यांसाठी दहा वर्षं?" एवढंच म्हणालात.

मग गाव नकाशा. त्यावर आमच्या फटीच्या जागी दोन समांतर रेषा होत्या आणि त्या ओढा ओलांडून पलीकडच्या गावाकडे गेल्या होत्या. गाडीवाट एखाद्या नंबराच्या पोटातून गेली असेल तर तिचं क्षेत्र त्या नंबराच्या पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या भागात, धरतात. गावाहून गावाला जाणारा रस्ता नंबरांच्या बाहेर ठेवला असेल, तर तो कुणाच्याच क्षेत्रात मोजत नाहीत. म्हणून त्याला सातबाराही नाही. फेऱ्या मारून मला जे कळलं नाही ते या दोन वाक्यांत कळलं.

तरी तुमचं समाधान नव्हतं. "खत आणा." आजोबांनी १९३८ साली जमीन घेतली त्याचं खरेदीखत आईच्या लोखंडी पेटीत तळाशी होतं, घडीवर फाटलेलं आणि सगळं मोडीत. आमच्या घरात ते कुणालाच वाचता येत नाही. तुम्ही मजकूर सोडून थेट चतुःसीमेवर गेलात. दक्षिणेस ओढा. पूर्वेस गाडवाट. तेवढा शब्द तुम्ही दोनदा वाचलात आणि आबांना निरोप धाडलात. ते आले, दहा वर्षांनी आमच्या ओट्यावर. पायरीवरच बसले, वर आले नाहीत. त्यांचं खत नंतरचं, बाळबोध लिपीतलं, त्यांनी स्वतःच चष्मा लावून वाचलं. पश्चिमेस गाडवाट.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आबा म्हणाले, "म्हणजे आपण सरकारच्या जागेवर भांडत होतो व्हय?" तुम्ही म्हणालात, "व्हय. आणि सरकारला पत्ता नव्हता."

जी जमीन कुणा व्यक्तीची नाही ती सरकारची, हे जमीन महसूल संहितेच्या कलम २० मधलं तुम्ही तेव्हा समजावलंत. बारा वर्षांच्या वहिवाटीची गोष्टही तिथेच मिटली. ती मुदत खाजगी मालकाविरुद्धची, सरकारविरुद्ध तीस वर्षं, तीही सलग कब्जाची. आमचा कब्जा तर दर पावसाळ्यात बांध बदलत होता.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. दादा शेवटपर्यंत "ती आपली" म्हणत होते आणि मी त्यांच्यासाठीच हे आरंभलं होतं. तेवढ्यात आतून आई चहा घेऊन आली. तुम्ही सहज विचारलंत, "वहिनी, हितनं गाड्या जायच्या का हो?" ती म्हणाली, "जायच्या की. मी नवरी म्हणून त्याच वाटेनं आले. बहात्तरच्या दुष्काळात वरचा रस्ता झाला, मग गाड्या तिकडनं जायला लागल्या आणि ही मोडली." मी ओरडलेच, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणते, "मला कुणी विचारलं?"

नाना, टिपण, नकाशा, खत, सगळं ठीक. पण हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे वेगळे आभार.

पुढचं थोडक्यात. आमचा ऊस आजवर तिसऱ्याच माणसाच्या रानातून, त्याच्या नाकदुऱ्या काढून बाहेर पडायचा. आबांचीही पलीकडून तीच गत. रस्ता दोघांच्या मधेच घाणेरीखाली पडलेला. तुम्ही सांगितलंत तसा दोघांनी मिळून तहसीलदारांकडे वाट मोकळी करण्याचा एकच अर्ज केला. रीतसर मोजणी आणली, हद्दीचे दगड रोवले, जेसीबीचे पैसे निम्मे निम्मे. मोजणीदाराची आकृती तुमच्या फितीशी वीतभरही चुकली नाही, हे तुम्हाला ऐकायला आवडेल.

लिंब ठेवलाय. ट्रॉलीला तिथे जरा वळसा घ्यावा लागतो. तो दादांनी लावला असं आई म्हणते, आबा म्हणतात त्यांच्या वडिलांनी. तुम्ही म्हणाल, सरकारचा.

तुमची तीस मीटरची फीत आमच्याकडे खुंटीला राहिलीये. ती पोस्टाने पाठवणार नाही. न्यायला या, चहा बिनसाखरेचा करते.

तुमची,
ताई