कंपाउंडर काकांना: काटा, खल आणि पुडीबद्दल आभार

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या दवाखान्याच्या पेटीतला हातकाटा, चिनी मातीचा आणि काचेचा असे दोन खल, मलम कालवायचा शिंगाचा स्पॅचुला, गोळ्यांचं यंत्र आणि ग्रेन या जुन्या मापाची वजनं आता संग्रहात नीट मांडली आहेत. अशा वस्तू जुन्या बाजारातही मिळतात. त्या हातात कशा धरायच्या हे सांगणारं माणूस मिळत नाही. तुम्ही ते सगळं बसून, करून दाखवून सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र उघड लिहितोय, कारण जुन्या दवाखान्यातली अशी पेटी आजही कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहे.

आधी काट्याचं. रिकामा काटा सरळ राहिला म्हणजे तो खरा, असं आम्ही समजत होतो. वजन आणि औषध यांची पारड्यांत अदलाबदल करून पाहायची, हे तुम्ही दाखवलंत. अदलाबदलीनंतर काटा झुकला, तर दांडीची एक बाजू लांब आहे. औषधी ड्राम म्हणजे ६० ग्रेन आणि ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, हे पुस्तकात होतंच. पण इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळा, म्हणजे बरोबर तीन ड्राम, ही सांगड तुम्ही घालून दिलीत. नाणं झिजलेलं असेल तर ते कमी भरणार, हेही लगेच बजावलंत.

दोन ग्रेनच्या खालचं वजन या काट्यावर करायचं नाही, हा तुमचा नियम. अर्धा ग्रेन औषध हवं असेल तर दोन ग्रेन तोलायचं, त्यात १८ ग्रेन दुधसाखर मिसळायची आणि त्या २० ग्रेनमधलं पाच ग्रेन घ्यायचं. मिसळतानाही सगळी साखर एकदम ओतायची नाही. औषधाइतकीच साखर आधी घोटायची, मग झालेल्या मिश्रणाइतकी, मग पुन्हा तेवढी. नाहीतर एका पुडीत औषध जास्त जातं आणि दुसरीत नुसती साखर.

कापराचं तर आम्हाला ठाऊकच नव्हतं. खलात तो चिवट होतो, बत्त्याखाली चेपला जातो पण फुटत नाही. स्पिरिटचे चार थेंब पडले की लगेच भुगा. आणि कापूर, पुदिन्याचं फूल (मेंथॉल), ओव्याचं फूल (थायमॉल) एकत्र घोटलं की पाणी होतं. अमृतधारेत तेच हवं असतं, पुडीत मात्र तोच घात. तिथे प्रत्येक जिन्नस हलक्या मॅग्नेशियम कार्बोनेटमध्ये वेगवेगळा घोळवायचा आणि शेवटी हलक्या हाताने एकत्र करायचा, जोर लावायचा नाही.

सगळ्यांत जास्त वेळ तुम्ही माशाच्या तेलाच्या इमल्शनला, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव करण्याला दिलात, आणि ते योग्यच होतं. चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंकाची पूड. खल चिनी मातीचा, तळ खरबरीत आणि पूर्ण कोरडा. तेलाचं मेजर ग्लासही कोरडं, पाण्याचं वेगळं. तेलात डिंक घालून गुठळी मोडेपर्यंतच हलवायचं, मग मोजलेलं पाणी एका झटक्यात ओतायचं आणि एकाच दिशेने, जोरात, न थांबता घोटायचं. मिश्रण पांढरं दाट झालं आणि बत्त्याखाली टक् टक् असा आवाज येऊ लागला की जमलं. उरलेलं पाणी त्यानंतर, थोडं थोडं. खल ओला असला किंवा पाणी थेंब थेंब घातलं, तर डिंक आधीच फुगतो आणि तेल वेगळं पडतं. आमचे पहिले दोन खल असेच फसले. तुम्ही लांबूनच, नुसत्या आवाजावरून ओळखलंत. त्या कानाला नमस्कार.

गोळ्यांच्या यंत्रावर औषधाचा लगदा नरम असेल तर त्याची लांब वळी यंत्राच्या खाचांना चिकटते आणि गोळी चपटी होते. कोरडा असेल तर वळीला भेगा पडतात. बोटाला न चिकटता दाबल्यावर आकार धरील, इतपतच मऊ. वर फ्रेंच चॉक, म्हणजे टाल्कची पूड, अगदी चिमूटभर, जास्त पडलं तर वळी घसरते.

सॅलिसिलिक अॅसिड किंवा आयोडीन असलेल्या मलमाला लोखंडी पात्याचा स्पॅचुला लावायचा नाही, धातू काळा पडतो आणि मलम बिघडतं. पेटीत शिंगाचा स्पॅचुला का होता, हे तेव्हा कळलं. आयोडीन आणि जेंशन व्हायोलेट या जांभळ्या औषधाला काचेचा खल, कारण चिनी मातीच्या खरबरीत तळात रंग कायमचा बसतो.

औषधाच्या बाटलीला चिकटवायची, एकेक डोस दाखवणारी खाचांची कागदी पट्टी कशी कापायची हेही आम्ही शिकून घेतलं. पट्टी औषधाच्या उंचीइतकी कापायची, जितके डोस तितके सारखे भाग पडतील अशा घड्या घालायच्या आणि कडेला कात्री लावायची. सरळ भिंतीच्या बाटलीलाच ती खरी.

पेटी उघडणाऱ्यांसाठी तुमच्याच दोन सूचना इथे लिहून ठेवतो. जुना खल स्वयंपाकघरात वापरू नये. त्यात पाऱ्याचं मलम घोटलेलं असू शकतं आणि ते धुण्याने जाईलच असं नाही. आणि पितळी वजनांना चिंच किंवा पितांबरी लावू नये. चकचकीत होतात, पण प्रत्येक घासण्यात थोडं पितळ जातं आणि एक ग्रेनच्या वजनात तेवढंही पुष्कळ असतं. तुमची वजनं आम्ही कोरड्या मलमलीने पुसली आहेत. चिमट्यानेच उचलतो, आणि काळपट आहेत तशीच ठेवली आहेत.

आपले नम्र,
संग्रहाची देखभाल करणारे आम्ही सर्व