पश्याला, मुक्ताच्या लग्नातल्या पियानोबद्दल

प्रिय पश्या,

फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच हसायला लागतोस आणि मूळ विषय राहतो बाजूला, म्हणून बसून लिहितोय. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, गुडघा आहे तसाच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला लख्ख दिसतं, त्यामुळे घरातली धूळही दिसते. असो.

मुक्ताचं लग्न ठरल्याचं ताईने तुला कळवलंच असेल. तर परवा रात्री पोरीचा व्हॉइस मेसेज आला. "मामा, ते गुरुजी म्हणतात ना, मुलीला मामांनी घेऊन यावं, तेव्हा सनई नकोय मला. तो व्हिक्टरचा पियानो हवाय. तू वाजवलेला. रेकॉर्ड करून दे ना." एवढंच. खाली एक फुलपाखरू.

व्हिक्टरचा पियानो. कॉर्प्स ब्राइडमधला, टिम बर्टनच्या त्या बाहुल्यांच्या पिक्चरमधला, जिथे नवरदेव व्हिक्टर चुकून एका मेलेल्या नवरीशी लग्न लावून बसतो. अंतरपाटाच्या आधी!

हस, हस. मीही हसलो आधी. तिला मांडीवर घेऊन आपणच दाखवला होता तो पिक्चर, ताई घरी नसताना. त्या मेलेल्या नवरीचा, एमिलीचा, डोळा टपकन बाहेर पडून आतून अळी डोकावते तेव्हा तू उशी तोंडावर घेतलीस आणि ही एवढीशी कार्टी टाळ्या वाजवत होती. तेव्हापासून आपण दोघं कॅसिओवर ते वाजवायचो, मी उजवा हात, तू डावा, आणि ती खाली बसून "परत, परत". म्हणजे तिला हे हवंसं वाटणं साहजिकच आहे, असं म्हणून मी झोपायला गेलो आणि झोप काही येईना.

कारण बघ ना, तो पियानो कुठे येतो? दुसऱ्या दिवशी लग्न आहे. दोन्हीकडच्या आईबापांनी आपापल्या सोयीने ठरवलंय, एकाकडे मासळीचा पैसा, दुसऱ्याकडे घराण्याचं नाव आणि रिकामी तिजोरी. नवरानवरीने एकमेकांना पाहिलेलंही नाही. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडणार म्हणून मोठी माणसं गाणं म्हणतात, काय ठसक्यात म्हणतात, आणि व्हिक्टरला अख्ख्या पिक्चरमध्ये गाणंच नाही. त्याला जे काही म्हणायचंय ते बोटांनी. त्या करड्या, ओसाड दिवाणखान्यात एकटा पियानो दिसतो आणि हा घाबरट माणूस बसून वाजवायला लागतो. मायनरमध्ये. रडकं नाही, पण आत काहीतरी अडकल्यासारखं.

आणि मुक्ताचं स्थळ कसं आलं ते तुला माहितीये. त्याआधी काय झालं होतं तेही तुला माहितीये, आमच्या घरात तो विषय कोणी काढत नाही. ती "हो" म्हणाली तेव्हा मी समोर होतो. भाजी कुठली करू विचारल्यावर म्हणावं तसं "हो" म्हणाली. ताई इतकी खूश झाली की तिने तो सूर ऐकलाच नाही. मी ऐकला. म्हणून आता वाटतं पोरगी मला काही सांगतेय का? सगळ्यांसमोर, स्पीकरवरून, ज्या भाषेत मी आणि तू सोडून कोणाला कळणार नाही त्या भाषेत? की मी उगाच शेरलॉक होतोय?

ताईने मला सराव करताना ऐकलं. म्हणाली, "किती गोड रे, शांत वाटतं, कुठलं आहे?" म्हटलं इंग्लिश पिक्चरचं. "कसला पिक्चर?" म्हटलं लग्नाचाच आहे. खोटं बोललो का सांग! फक्त हल्लीची पोरं फोन वर धरतात आणि गाण्याचं नाव चित्रासकट येतं. मुलाकडच्या आजी सोवळ्यातल्या आहेत, कोणा नातवाने तो निळा सांगाडा बुरख्यासकट त्यांच्यापुढे धरला तर अक्षता माझ्यावर पडतील, आणि त्याही मूठभर नाही, पोत्याने.

बरं, आता संगीताची अडचण, खरं तर याचसाठी लिहितोय. तो तुकडा दीड मिनिटाचाही नाही. कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीपासून स्टेज केवढं लांब, त्यात नऊवारी, त्यात वाटेत प्रत्येक मावशीला गजरा नीट करायचा असतो. पियानो संपेल आणि आम्ही अजून खुर्च्यांमध्येच. मग लांबवायचा कसा? तोच तुकडा परत वाजवला तर मोबाईलची रिंगटोन होते. मुक्ताच्या भावाने सुचवलं, पुढे ड्युएट जोड. त्याला वाटलं दोन्ही पियानोच तर आहेत.

तू आता टुणकन उठून बसला असशील. ड्युएट एमिलीचं आहे! खाली मेलेल्यांच्या जगात ती रुसून एकटीच वाजवत बसलीये, हा शेजारी येऊन हळूच उत्तर देतो, ती आधी मान फिरवते, मग राहवत नाही, आणि लय वाढत जाते, वाढत जाते, तिचा हात मनगटातून सुटून पट्ट्यांवरून धावत जातो आणि त्याच्या बाहीवर चढतो. माझ्या मते संगीतकार एल्फमनने पिक्चरसाठी लिहिलेलं ते सगळ्यात प्रेमाचं संगीत आहे. आणि ते चुकीच्या नवरीसोबत आहे. ठरलेल्या नवरीच्या, व्हिक्टोरियाच्या, वाट्याला तसं काही नाहीच, तिला तर आईने पियानोला हात लावू दिलेला नाही, म्हणे बायकांना शोभत नाही. तू कायम एमिलीच्या बाजूने भांडायचास, मी व्हिक्टोरियाच्या, पार तुझ्या हॉस्टेलच्या गच्चीवर रात्रभर. तुझं म्हणणं, ज्याच्याशी सूर जुळला त्याच्याशी लग्न. माझं म्हणणं, जिच्यासाठी घाबरत घाबरत पहिला सूर लागला तिच्याशी. आता भाचीच्या लग्नात मी दोन्ही जोडून वाजवू? मग मी तिला काय सांगतोय?

एल्फमनला विचारावं लागेल. त्या वर्षी, 2005 मध्ये, त्याने बर्टनचे दोन पिक्चर केले, हा आणि चॉकलेट फॅक्टरीवाला, दोन्हींत गाण्यांसकट. बाप्या कुठे शिकलेला नाही, रॉक बँडमधून आला, ऑर्केस्ट्रेशनला बँडमधलाच गिटारवाला स्टीव्ह बार्टेक. बर्टनचं आणि त्याचं मधे फाटलं होतं बघ, बर्टनच्या एड वूडचं संगीत दुसऱ्याच संगीतकाराकडे, हॉवर्ड शोअरकडे गेलं, मग 1996 च्या मार्स अटॅक्सला परत एकत्र. आपला तो गणपतीतला अबोला आठवला. आपल्यात हॉवर्ड शोअर कोण होता? तो बेसुरा संजू! तू त्याला डावा हात दिलास हे मी अजून विसरलेलो नाही.

आणि बोनजँगल्सचं, त्या गाणाऱ्या सांगाड्याचं, गाणं आठव. एमिलीचा खून कसा झाला ते सांगाडे जॅझमध्ये नाचत सांगतात आणि गाणारा स्वतः एल्फमन. जिवंतांच्या घरात सगळं करडं आणि ताठ, आणि मसणात जल्लोष. मुक्ताचा भाऊ ते संगीतच्या डीजेला देणार आहे. देऊ दे, डीजेच्या आवाजात शब्द कोणाला कळतात.

आता लिहिता लिहिताच एक आठवलं, तेवढं ऐक. पाहायचा कार्यक्रम झाला तेव्हा मी उशिरा पोचलो होतो. ताई सांगत होती, मुलगा मुक्ताला पाहून उठून उभा राहिला तर त्याचा गुडघा टीपॉयला लागला, पोह्यांची बशी पालथी, आणि तो सगळ्यांसमोर गालिच्यावरचे पोहे वेचत बसला. खोबरं वेगळं, पोहे वेगळे. आणि व्हिक्टर? व्हिक्टोरिया मागे येऊन उभी आहे हे कळल्यावर दचकून उठतो आणि बूड टेकलेलं बाकडंच पाडतो. पश्या, तो तुकडा नको असलेल्या लग्नाच्या भीतीने सुरू होतो हे खरं, पण संपतो तेव्हा ती तिथे उभी असते आणि दोघांना एकमेकं आवडलेली असतात. ठरवून केलेलं, तरी. मुक्ता त्याला मनात व्हिक्टर म्हणत असेल का? तसं असेल तर सगळंच उलटं झालं, मी उगाच दोन रात्री जागलो.

पण मग तो "हो"? आणि धांदरट तर मीही होतो, माझ्यावर कोण भाळलं?

ताईला विचारणं शक्य नाही. मुक्ताला विचारलं तर ती "मामा, तू पण ना" म्हणून विषय संपवेल. तुला मात्र ती सांगते, पहिल्यापासून सांगते. तू तिला फोन कर. थेट विचारू नकोस, तुला थेटच येतं म्हणून आधीच सांगतोय. ड्युएट जोडू का नको एवढंच विचार. तिने "नको, फक्त पहिला" म्हटलं तर मी सुखाने झोपेन. "जोड" म्हटलं तर मला लगेच कळव, मग मी तिकीट काढून तिच्याशी समोर बसून बोलेन, लग्नाची पत्रिका छापलेली असो नाहीतर नसो.

तुझं काय? वहिनींची नोकरी पक्की झाली का? ओंकार मराठी विसरला नाही ना? मँचेस्टरजवळच त्या बाहुल्या बनवल्या, कानात किल्ली घालून फिरवली की ओठ हलायचे, इतकी वर्षं तिथे राहून तू एकदाही चौकशी केली नाहीस, कसला रे तू चाहता. मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवतोय, मिळाल्याचं कळव.

तुझा,
नंदू

ता. क. डाव्या हाताचं मधलं वळण तू कसं वाजवायचास ते फोनवर रेकॉर्ड करून पाठव. माझी करंगळी तिथे पोचत नाही, आणि संजूला विचारणार नाही.