बोकडाचा दर्प आणि बकरीचा मेंदू

आर्वी तालुका, जि. वर्धा

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. बकऱ्या माजावर येत नाहीत म्हणून बोकड बदलावा का, असे तू विचारले आहेस. याचे उत्तर बकरीच्या नाकात आणि मेंदूत अधिक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बोकडाच्या अंगाचा उग्र दर्प टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या जोरावर तयार होतो. खच्ची केलेल्या बोकडाला तो येत नाही तो यामुळेच. 2014 साली जपानी संशोधकांनी या दर्पातून 4-इथाइलऑक्टॅनल हे द्रव्य वेगळे काढले आणि त्याच्या वासाने बकरीच्या मेंदूतील प्रजननाचे केंद्र चेतते, असे दाखवले. तेथून जीएनआरएच हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सुटते, त्याच्या इशाऱ्यावर मेंदूच्या बुडाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच हे दुसरे संप्रेरक सोडते आणि अंडाशयातून बीज बाहेर पडते. म्हणून बोकड काही आठवडे कळपाच्या नजरेपासून व वासापासून दूर, दुसऱ्या कोठ्यात ठेव आणि मग एकदम आत सोड. पहिल्या खेपेस बीज सुटूनही माज दिसेलच असे नाही, तेव्हा आणखी आठवडाभर धीर धर. मात्र बकरी खंगलेली असेल तर मेंदू त्या वासाला पुरेशी दाद देत नाही; नुसत्या कुटारावर भागवू नकोस, थोडी सरकीची ढेपही दे.

संप्रेरके मेंदूला वळण देण्याचे काम केवळ वयात आल्यावरच करतात असे नाही; ते गर्भातही चालते. गाभण गिनीपिगला टेस्टोस्टेरॉन दिले असता तिच्या माद्या पिल्लांचे पुढचे समागमाचे वर्तनही नराकडे झुकते, हे 1959 मध्येच दिसले होते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते मात्र निराळेच. जीएनआरएच स्रवणाऱ्या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. गर्भाच्या नाकाच्या ठिकाणी जन्मून त्या वासाच्या मज्जातंतूंच्या आधाराने मेंदूत चालत जातात. 1989 साली उंदरांच्या गर्भात हा प्रवास दिसला आणि त्याच वर्षी कॅलमन विकार असलेल्या मानवी गर्भात या पेशी वाटेतच अडकलेल्या आढळल्या. या विकारात वास येत नाही आणि तारुण्यही आपोआप येत नाही. आपल्याकडे अशा पोराला नावे ठेवली जातात, घरचे लपवतात, आणि याचे मला फार वाईट वाटते. कारण संप्रेरकांच्या उपचाराने तारुण्य येते, कित्येकांना पुढे मूलही होऊ शकते. तू गावातील मुलांना शिकवतोस, म्हणून मुद्दाम लिहितो: एखाद्या मुलाची 14 वर्षे उलटूनही वयात आल्याची खूण नसेल आणि मोहफुलांचा वासही त्याला कळत नसेल, तर त्याच्या वडिलांना एकांतात गाठ आणि संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रमोद