गुडघ्यांसाठी भंगार हवंय (ट्रेडमिल नको)

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेतल्या आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाकडून हे आवाहन आहे. जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा, कारण यात पैशांपेक्षा तुमच्या माळ्यावरच्या आणि जिन्याखालच्या सामानाबद्दलच जास्त लिहिलंय.

तर झालंय असं की मंडळाच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीलगत आपण पायांच्या आणि गुडघ्यांच्या व्यायामाचा एक कोपरा तयार करतोय आणि त्यातलं जवळजवळ सगळं सामान आपणच बनवणार आहोत. विकतचं घ्यायला पैसे नाहीत हे कारण आहेच, ते काही लपवायचं नाही, पण पैसे असते तरी आम्ही जिमची मशीन्स घेतली नसती. ती तरण्या पोरांच्या मापाची असतात. मांडीच्या मशीनला सगळ्यात हलकी प्लेट बहुतेक ठिकाणी पाच किलोची, आणि आपल्याकडच्या कितीतरी आज्जींना सुरुवात करायचीये अर्धा किलोपासून. अर्धा किलो वजन वाळूची पिशवी शिवून होतं, त्याला मशीन कशाला लागतंय.

आणि गरज किती आहे ते पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको. जुन्या तीन मजली बिल्डिंगा, लिफ्ट नाही, जिने अंधारे आणि उभे. वर राहणारे कितीतरी जण आता मीटिंगला येत नाहीत, विचारलं तर म्हणतात चढायचं कसंतरी जमेल हो, पण उतरताना भीती वाटते. आणि ही भीती उगाच नाहीये. सपाटीवर चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, जिना चढताना तिपटीच्या वर आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट, हे कृत्रिम सांध्यात सेन्सर बसवून मोजलेलं आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर उतरताना प्रत्येक पायरीला दोनशे किलो! पर्वतीच्या १०३ पायऱ्या दणादण चढून जाणारे काका खाली येताना आडवे आडवे का उतरतात ते यावरून कळेल.

मग लोक लगेच म्हणतात की आमचे गुडघे तर घासलेत, गॅप कमी झालीये, वंगण संपलंय, आता कसला व्यायाम. आपल्याकडे दर महिन्याला येणाऱ्या फिजिओ मॅडमनी हे इतक्या वेळा समजावलंय तरी परत इथे लिहितोच. व्यायामाने झिजलेली कुर्चा (सांध्यातली हाडांवरची गादी) परत येत नाही, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण मांडीचा पुढचा स्नायू, ज्याला डॉक्टर लोक क्वाड्स म्हणतात, तो मजबूत असला की बराच झटका तो स्वतःवर घेतो, वाटी जागेवर धरून ठेवतो, आणि दुखणं कमी होतं. म्हणून तर गुडघ्याच्या संधिवातावर जगभरात पहिला उपाय म्हणून व्यायामच सांगतात, गोळ्या आणि ऑपरेशन नंतर. जागतिक आरोग्य संघटना पण ६५ च्या पुढच्या लोकांना आठवड्यातून निदान तीन दिवस ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम करा म्हणते. नुसतं सारसबागेत दोन चकरा मारून बाकावर बसणं यात धरत नाहीत, सॉरी.

घरगुती सामान म्हणजे काहीतरी कमअस्सल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक माहिती. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांचे गुडघे आणि मांड्या बऱ्या करायला थॉमस डीलॉर्म नावाच्या डॉक्टरने बुटाला लोखंडी वजनं लावून पाय उचलायला लावले, १९४५ मध्ये त्याचा लेख आला आणि तोपर्यंत दुखऱ्या सांध्याला जड वजन नकोच असं मानणारे गप्प झाले. आज कुठल्याही फिजिओकडे गेलात की दहा-दहाचे तीन सेट सांगतात ना, ते त्याचंच. १९४८ ला त्याने आणि त्याच्या सहकारी डॉक्टर वॉटकिन्सने पद्धत ठरवून दिली, जे वजन दहा वेळाच उचलता येतं त्याच्या निम्म्याने पहिले दहा, पाऊण वजनाने दुसरे दहा आणि पूर्ण वजनाने तिसरे दहा. आणि एवढं लांब कशाला जायचं, आपल्या तालमींमधल्या जोड्या आणि मुद्गल (फिरवायची ती लाकडी वजनं) काय कुठल्या कंपनीने पाठवले होते? शेजारच्या सुतारानेच घडवलेत.

आता काय काय हवंय ते सांगतो.

सगळ्यात आधी प्लायवूड. चढ-उताराच्या व्यायामासाठी पाट करायचेत, चार इंची, सहा इंची आणि आठ इंची उंचीचे. वरची फळी १८ बाय १४ इंच, चारी बाजूंना फळ्या आणि मधे एक आधार. आठ बाय चारच्या शीटमधून सहा इंची पाट पाच तरी आरामात निघतात, पण आम्हाला अख्खी शीट नकोच आहे, दीड फुटाचे तुकडे पण चालतात. म्हणून गणपती मंडळांच्या कार्यकर्त्यांना खास विनंती, मांडव आणि देखावे उतरवल्यावर जे १८ एमएमचे तुकडे पुढच्या वर्षी बघू म्हणून गोडाऊनमध्ये पडतात आणि तिथेच फुगतात ते आम्हाला द्या. फर्निचरवाल्यांकडचे पण चालतील. फक्त पार्टिकल बोर्ड, तो बुश्शाचा असतो तो, आणू नका, त्यात स्क्रू धरत नाही. ज्यांचे वाडे पाडायला काढलेत त्यांच्याकडे सागवानी फळ्या किंवा तुळयांचे तुकडे असतील तर काय सोन्याहून पिवळं, बिल्डरने उचलायच्या आत एक निरोप द्या.

पाटाबद्दल आपल्या सुतारकाकांचं एक म्हणणं आहे आणि घरी करणाऱ्यांनी पण ते लक्षात ठेवा. वरची फळी बाजूच्या फळ्यांच्या बाहेर अजिबात आली नाही पाहिजे. दिसायला छान दिसते, पण त्या बाहेर आलेल्या कडेवर पाय पडला की पाट उलटतो आणि माणूस पण. जोडताना नुसते खिळे नकोत, फेव्हिकॉल आणि दीड इंची स्क्रू. वर रबराची मॅट चिकटवायची, आणि पुढच्या कडेला पिवळ्या रंगाचा जाड पट्टा, कारण मोतीबिंदू असलेल्याला पायरी कुठे संपते तेच दिसत नाही. तयार झालेल्या प्रत्येक पाटावर सिमेंटच्या ५० किलोच्या तीन गोण्या रात्रभर ठेवायच्या, करकरला की बाद.

दुसरं म्हणजे जुन्या जीन्स. फाटलेल्या, आखूड झालेल्या, नातवाने टाकून दिलेल्या, कशाही, फक्त धुवून द्या. पायाला बांधायची वजनं त्यांच्यापासून होतात. जीन्सच्या पायाची खालची वीत-दीड वीत कापायची, त्यात उभ्या शिलाया मारून चार कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्यात पाव किलो वाळूची पुडी, म्हणजे एकाच पट्ट्याचं अर्धा, पाऊण, एक किलो असं वजन वाढवता येतं. वाळू चाळून, उन्हात कडक वाळवून, दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांमध्ये दुहेरी भरायची. कोरडी वाळू लिटरला साधारण एक किलो सहाशे ग्रॅम भरते, म्हणजे पाव किलोला दीडशे मिलीच्या आसपास, पण तरी काट्यावर तोला, कारण एका पायाला जास्त आणि एका पायाला कमी असं नको व्हायला. पुडी गच्च भरायची नाही, जरा सैल ठेवली की पट्टा घोट्यावर नीट बसतो. आणि कोपऱ्यांना शिलाई उलट-सुलट मारा, नाहीतर वाळू पहिली तिथूनच गळते. दोन इंची वेलक्रो रविवार पेठेतून आणणार आहोत, तो विकतच घ्यावा लागेल.

सायकलच्या जुन्या ट्यूब! एकेकाळी अख्खं पुणं सायकलवर होतं, तेव्हा ट्यूब निघायला हरकत नाही. व्हॉल्व्हचा भाग कापून टाकला की मोठ्या सायकलच्या ट्यूबची पाच-सहा फुटांची पट्टी मिळते आणि ती विकतच्या रबरी पट्ट्यांपेक्षा दणकट असते. भिंतीत गुडघ्याच्या उंचीला कडी ठोकायची, ट्यूबचा फास गुडघ्याच्या मागून घ्यायचा, भिंतीकडे तोंड करून मागे सरकायचं आणि थोडा वाकवलेला गुडघा ट्यूबच्या ओढीविरुद्ध सावकाश सरळ करायचा. शेवटचं पूर्ण सरळ होणं हेच बऱ्याच जणांचं गेलेलं असतं. पंक्चर काढलेल्या किंवा ताणल्यावर बारीक चिरा दिसणाऱ्या ट्यूब नकोत. घरी करणाऱ्यांनी टेबलाच्या पायाला बांधू नये, टेबल अंगावर येतं.

सनमायकाचे तुकडे पण लागतील, गुळगुळीत बाजूचे, फूटभर रुंद आणि तीन फूट लांब. गादीवर किंवा जमिनीवर तो ठेवायचा, थोडी पावडर टाकायची, पायात मोजा घालून टाच मागे-पुढे सरकवायची. ज्यांचं ऑपरेशन झालंय आणि गुडघा वाकत नाही त्यांना फिजिओ हाच व्यायाम देतात, चादरीवर टाच अडकते म्हणून वैतागतात बिचारे.

खुर्च्या हव्यात, पण लाकडी किंवा लोखंडी, हात नसलेल्या, बैठक १७ इंच उंच. प्लास्टिकच्या नकोत, उठताना मागे सरकतात. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ही पायाच्या ताकदीची परीक्षा आहे, ७० ते ७४ वयात पुरुषांचे १२ च्या खाली आणि बायकांचे १० च्या खाली भरले तर ताकद कमी समजतात. आत्ता उठायच्या आधी करून बघा, कोणीतरी शेजारी उभं ठेवून. ज्यांना एकदाही जमत नाही त्यांच्यासाठी खुर्चीच्या पायांखाली खोबणीचे चार इंची ठोकळे देणार, मग दोन इंची, मग काहीच नाही.

राहिला सगळ्यात खर्चिक भाग, धरून चालायचे दोन समांतर पाईप. दहा फूट लांबीचे, मुठीत बसतील असे जीआय पाईप, खाली बेस प्लेट आणि फरशीत अँकर बोल्ट, उंची कमीजास्त करता येईल असे. हे घरगुती जुगाडाने करायचं नाही असं कमिटीत एकमताने ठरलंय, कारण तोल गेल्यावर माणूस सगळा भार त्यावरच टाकणार. वेल्डिंगचं वर्कशॉप असलेल्या कोणी मजुरी सोडली तर फार मोठं काम होईल, पाईपचे पैसे आम्ही देऊ.

पैशाचं सांगायचं तर पाईप, अँकर, वेलक्रो, रबर मॅट, स्क्रू आणि थोडं कमी पडणारं प्लाय मिळून ४० हजारांच्या आत बसवायचं आहे. ५० रुपये दिले तरी पावती मिळेल. मंडळाला ८०जी नाहीये, टॅक्सची सूट मिळणार नाही, आधीच सांगतो म्हणजे मार्चमध्ये भांडण नको. क्यूआर कोड हॉलच्या दारावर लावलाय, फॉरवर्ड होऊन आलेल्या दुसऱ्या कुठल्याही कोडवर पैसे टाकू नका. सगळा हिशोब बिलांसकट नोटीस बोर्डावर लागेल.

आणि हात हवेत हो, हात. शिलाई मशीन असलेल्या ताई-मावशी, ड्रिल चालवता येणारं कोणीही, इंजिनिअरिंगची पोरं ज्यांना रविवारी सकाळी उठता येतं (असतील ना एखाद-दोन), आणि अजून एक-दोन फिजिओ, कारण मॅडम एकट्या प्रत्येकाला तपासून वजन ठरवून देऊ शकत नाहीत आणि तपासल्याशिवाय कोणालाही पट्टा बांधायचा नाही असा नियम केलाय. गुडघा अडकतो, अचानक दगा देतो, गरम होऊन सुजतो किंवा पोटरी एका बाजूचीच सुजून दुखते अशांनी आधी डॉक्टरांकडे जायचं, आमच्याकडे नाही. बाकीच्यांना मांडी भरून येईल, ते चालतं, पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर वजन कमी करायचं. आणि उचलताना श्वास रोखायचा नाही, बीपीवाल्यांनी तर नाहीच, मोठ्याने आकडे मोजा म्हणजे आपोआप सुटतो.

ट्रेडमिल, पोटाला हलवणारे पट्टे आणि टीव्हीवर बघून घेतलेली ती घडीची मशीन्स कृपया आणू नका. दानत मोठी आहे तुमची, पण ठेवायला जागा नाही आणि दुरुस्तीला पैसे नाहीत.

सामान पुढच्या रविवारपासून दर रविवारी सकाळी ९ ते १२ हॉलवर आणून द्या. जड असेल किंवा तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचं असेल तर कमिटीतल्या कोणालाही सांगून ठेवा, लक्ष्मी रोडला गाड्यांची गर्दी व्हायच्या आत सकाळी लवकर हातगाडी घेऊन येऊ. वाळू घराच्या कामातली उरलेली दिली तरी चालेल, फक्त सिमेंट मिसळलेली आणि ओली नको.