घारापुरीला लेणी चढण्याआधीच जेवण सांगता यावं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईजवळच्या घारापुरी (एलिफंटा) बेटावरची लेणी पाहून आलेला माणूस त्रिमूर्तीबद्दल थोडं बोलतो आणि मग बराच वेळ जेवणाबद्दल बोलत राहतो. 'तासभर बसवून ठेवलं', 'बिल बघून डोळे पांढरे झाले', 'मासा ताजा नव्हता', 'लाँच चुकता चुकता राहिली'. उरणच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत ही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. माझी मावसबहीण बेटावरच्या शेतबंदर पाड्यात दिलेली आहे. त्यामुळे धक्क्याजवळच्या हॉटेलांत मी गिऱ्हाईक म्हणून बसले आहे आणि तिथल्या स्वयंपाकघराच्या दारात बसून चहाही प्यायले आहे. पाहुण्यांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण तिचं कारण ते समजतात त्याहून वेगळं असतं, असं माझं मत आहे.

दिवस कसा जातो ते पाहा. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून सकाळी नऊच्या सुमारास लाँचा सुटायला लागतात. अकराएक किलोमीटरच्या पाण्याला तासभर लागतो. लांबलचक धक्का चालून किंवा छोट्या गाडीत बसून पायथ्याला यायचं, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, माकडांपासून पिशव्या सांभाळायच्या, लेणी बघायची, फोटो काढायचे आणि उन्हातून खाली उतरायचं. उतरेपर्यंत दीड वाजतो. तुम्हीच नव्हे, सकाळच्या साऱ्या लाँचांची माणसं त्याच वेळेला उतरतात. सगळ्यांना एकदम भूक लागलेली असते, सगळ्यांना पाण्याकडेचं टेबल हवं असतं आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांना परत गेटवे गाठायचं असतं. दुपारी बारापर्यंत रिकामी असलेली हॉटेलं अर्ध्या तासात भरतात.

त्यात मेनूकार्ड. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पावभाजी, सँडविच, वर मच्छी थाळी. १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या जागेवर देशभरातून माणसं येतात, तेव्हा कुणाला काही कमी पडू नये, हा त्यामागचा विचार मला समजतो. पण शेगड्या दोन-तीनच असतात. एका टेबलावर फ्राइड राइस, दुसऱ्यावर पनीर, तिसऱ्यावर सुरमई अशी प्रत्येकाची वेगळी कढई चढली की उशीर हा होणारच.

गेल्या हिवाळ्यात माझ्या शेजारच्या टेबलावर साताऱ्याकडचं एक कुटुंब बसलं होतं. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन लहानगी. मुलांना फ्राइड राइस, मोठ्यांना सुरमई, आजींना साधा वरणभात. कार्डावर सुरमईपुढे आकडा नव्हता, 'साइजप्रमाणे' एवढंच लिहिलं होतं. त्यांनी साइज विचारली नाही, वाढणाऱ्या पोरानं सांगितली नाही. फ्राइड राइस लवकर आला. मुलं खाऊन धक्क्याच्या कडेला खेकडे बघत उभी राहिली. ओहोटी होती, चिखलावर बगळे उतरले होते. बसायला इतकी सुंदर जागा, पण त्या टेबलावरचा कुणीच तिकडे बघत नव्हता, सगळ्यांचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. सुरमई आली तेव्हा लाँचवाल्याची हाकाटी सुरू झाली होती. पाठोपाठ बिल आलं. मुलगा गल्ल्यावर जाऊन तावातावानं बोलू लागला, पोरगा मान खाली घालून उभा राहिला. आजींचा भात तर शेवटी आला. त्यांनी दोन घास खाल्ले, हात धुतला आणि मुलाला म्हणाल्या, "जाऊ दे रे, अन्नावरून भांडू नये." ती माणसं पुन्हा कधी घारापुरीला येतील असं मला वाटत नाही. मला त्या आजींचंही वाईट वाटलं आणि त्या पोराचंही, कारण तो पोरगा माझ्या बहिणीच्या शेजारचाच.

दराबद्दल बोलताना एक गोष्ट पाहुण्यांनीही लक्षात घ्यावी. बेटावर तांदूळ, पीठ, तेल, सिलिंडर, बर्फ, सगळं होडीनं येतं आणि धक्क्यावरून वाहून न्यावं लागतं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, तोवर जनरेटरवर संध्याकाळचे तीनेक तासच काय ते दिवे. तेव्हा मुंबईतल्या खानावळीच्या दरात तिथे जेवण मिळणार नाही. बाटलीबंद पाण्यावरून तर रोज वाद होतात. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. पायऱ्यांवरच्या टपरीला मात्र ही सूट नाही, तिथे छापील किमतीलाच बाटली मिळाली पाहिजे. पण महाग असणं वेगळं आणि किंमत आधी न सांगणं वेगळं. किंमत न सांगण्याचं समर्थन होऊ शकत नाही. ज्या माशाचा दर 'साइजप्रमाणे' आहे तो मासा कच्चा असताना पाहुण्याला दाखवा, भाव बोला आणि मगच तव्यावर टाका. कोळणी बाजारात हेच करतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

वीज आल्यावर फ्रीझर आले, हे चांगलंच झालं. पण फ्रीझरबरोबर मुंबईच्या बाजारातली सुरमई आणि पापलेट आली आणि बेटाच्या आसपासचं खाणं पाहुण्यांच्या ताटात यायचं राहून गेलं. बहिणीकडे मी जेवते ते तांदळाची भाकरी, कैरी घातलेला जवळा, चिंबोऱ्यांचं कालवण, बोंबील मिळाले तर बोंबील. भाकरी थापेपर्यंत कालवणाला उकळी येते. आगरी-कोळी घरातलं हे जेवण झटपट होतं, माणसं त्यासाठी अलिबागपर्यंत गाडी घेऊन जातात. घारापुरीत मात्र 'इथलं काय आहे?' असं विचारलं की उत्तर येतं, बटर चिकन चांगलं आहे. शाकाहारी माणसालाही वालाचं बिरडं, भाकरी आणि सोलकढी आवडीनं खाऊ घालता येईल.

म्हणून माझी सूचना अशी. पाहुणा लेणी चढायला जातो तेव्हाच त्याच्याकडून जेवण सांगून घ्यावं. तो दोन तासांनी खाली येणार हे पक्कं असतं, स्वयंपाकाला याहून चांगली सवड कुठल्या हॉटेलाला मिळते? धक्क्याच्या तोंडाशी एक मोठी पाटी असावी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. आज काय ताजं आहे, त्याचा दर काय आणि परतीच्या लाँचा कधी आहेत, एवढंच तिच्यावर असावं. पाहुण्यानं नाव आणि उतरण्याची अंदाजे वेळ सांगावी, थोडी आगाऊ रक्कम द्यावी आणि चिठ्ठी घेऊन वर जावं. मोबाइल सगळ्यांकडे आहेत, वरून निघताना एक फोन केला की भाकऱ्या तव्यावर पडतील. मुलांसाठी आणि घाईत असलेल्यांसाठी कार्डावरचे चार पदार्थ राहू द्यात, बाकीची पानं कमी करावीत. भाकऱ्या, कालवणं, सोलकढी हे काम शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तिन्ही पाड्यांतल्या बायकांच्या गटांकडे सोपवता येईल. आज त्यातल्या कित्येकजणी पायऱ्यांवर कैऱ्या, काकड्या आणि बोरं विकत दिवसभर उन्हात बसतात.

यात सरकारकडे मागण्यासारखं फारसं नाही. हॉटेलवाले आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून ठरवायचं आहे. लाँचवाल्यांनी एवढंच करावं की तिकीट देताना परतीच्या वेळा नीट सांगाव्यात आणि लाँच बेटाला लागायच्या आधी पाटीबद्दल दोन शब्द बोलावेत. पर्यटन महामंडळानं पहिल्या हंगामात पाट्यांचा खर्च उचलला तर उत्तमच.

पाहुण्यांनाही विनंती. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका, सुकटीची चटणी आणि भाकरी मागा. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी जाऊ नका. आणि कमी मिळालं, शिळं मिळालं, दर फसवा निघाला, तर पोऱ्यावर ओरडण्याऐवजी बिल मागून घ्या आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

दिवाळीच्या सुट्टीपासून बेटावर गर्दी वाढते. त्याआधीच्या एखाद्या सोमवारी, हॉटेलं मोकळी असतात तेव्हा, ही बैठक होऊ शकते. निदान दोन-तीन हॉटेलांनी एका हंगामापुरता हा प्रयोग करावा. भाकऱ्या कोण थापणार हा प्रश्न आला तर माझी बहीण आणि तिच्या शेजारणी तयार आहेत, मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

आपली नम्र,
एक वाचक, उरण (जि. रायगड)