१२७ ऐवजी ६३ सुचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण नाशकात मागच्या खोलीत लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) मांडून बसलेले माझ्यासारखे बरेच जण १२७ दात्यांच्या गिअरपाशी अडतात. तुम्ही दिलेलं उत्तर एकट्याजवळ ठेवणं मला बरं वाटेना.

माझा लेथ जुना, लीडस्क्रू (आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला चार आट्यांचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचा गिअर हवाच, असं ज्याला विचारावं तो सांगे. हिशेब खरा आहे: इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७. पण १२७ ला कशानेच भाग जात नाही, म्हणून साध्या इंडेक्सिंगने (प्लेटवरची भोकं मोजून घेर सारखा विभागत) तो कापायला १२७ भोकांचीच प्लेट लागते. शिवाय १.५ मॉड्युलला (हे दात्याच्या आकाराचं माप) त्याचा बाहेरचा व्यास १९३.५ मिमी होतो. माझ्या लेथच्या झाकणाखाली तेवढी जागाच नाही.

तुमची उभी हयात सातपूरला मिलिंगवर गेली. सगळं शांतपणे ऐकून तुम्ही एवढंच विचारलंत, "विभागायला तुझ्याकडे काय आहे?" हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. ९० ला १ ची रोटरी टेबल (हँडलचे ९० फेरे म्हणजे टेबलाचा एक) आणि २१ भोकांचं वर्तुळ असलेली प्लेट, एवढंच होतं. "मग ६३ काप," म्हणालात. "सात नव्वे त्रेसष्ट. प्रत्येक दात्याला हँडलचा एक पूर्ण फेरा आणि वर नऊ भोकं." ४० ला १ च्या डिव्हायडिंग हेडवर (घेर विभागायचंच दुसरं साधन) हाच ६३ नेहमीच्या प्लेटांनी जमत नाही, हेही तेव्हाच कळलं.

दीड मिमी पिचसाठी (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर) गिअरचं खरं गुणोत्तर ३०/१२७. त्याजागी ६३/८० गुणिले ३०/१००. यातले ८०, ३० आणि १०० माझ्या सेटमध्ये होतेच, कापायचा राहिला एकटा ६३. फरक पडतो तो १०० मिमीला सव्वा शतांश मिमी. घरी लागणाऱ्या नट-बोल्टांना तो जाणवतसुद्धा नाही. व्यासही ९७.५ मिमीवर आला.

कटरही तुमचाच, ५५ ते १३४ दात्यांचे गिअर कापायचा. त्याचा आकार ५५ ला नेमका बसतो, म्हणून ६३ चा दाता १२७ पेक्षा जास्त चोख उतरतो, हे तुम्ही ज्या आवडीने समजावलंत ते मी विसरणार नाही. आणि ती ताकीद: नऊ भोकं मोजताना पिन बसलेलं भोक धरायचं नाही, हँडल एकाच दिशेने फिरवायचं, पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे नेऊन परत यायचं. ३.३७५ मिमी खोल जाण्याआधी पूर्ण घेरावर नुसते ओरखडे काढायला लावलेत. त्रेसष्ट ओरखडे झाल्यावर आणखी एकदा फिरवलं, तर कटर बरोबर पहिल्या ओरखड्यावर आला. मग निर्धास्तपणे कापत गेलो.

एम १० चे (१० मिमी व्यास, दीड मिमी पिच) आटे पाडले. बाजारचा नट हाताने शेवटपर्यंत गेला.

काका, मनापासून आभार. कटर साफ करून, तेल लावून परत आणतोय. सोबत पितळेचा एक जास्तीचा ६३ कापलाय. तुमच्याकडे हीच अडचण घेऊन पुढे जो येईल, त्याला तो द्या.

तुमचा,
सिडकोतला लेथवाला